मागच्या बाकावरून

आमच्या घरी एक पद्मिनी आहे, असे मी कोणाला सांगितले की तो गृहस्थ आधी माझ्याकडे आणि मग हळूच सौ.कडे पाहतो. त्यामुळे हल्ली मी 'प्रीमियर पद्मिनी' असे संपूर्ण नाव घेतो. वडिलांनी ती १९८८ साली घेतली. गाडी दारात आली त्या दिवशी आईने तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला होता, आणि मी, तेव्हा सात-आठ वर्षांचा, सारी संध्याकाळ गाडीत नुसता बसून काढली होती. वडिलांना जाऊन आता अकरा वर्षे झाली. गाडी आहे.

तशी ही इटलीतल्या फियाट अकराशेची लेक. मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ती 'डिलाइट' या नावाने तयार होऊ लागली, १९७४ साली तिचे 'पद्मिनी' असे बारसे झाले आणि नव्या शतकाच्या उंबरठ्यावर कारखान्याने तिचा निरोप घेतला. मुंबईकरांनी मात्र काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने तिला पुढेही दोन तपे जवळ ठेवले. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही टॅक्सी रस्त्यावरून गेली. आमच्यासारख्या काही हट्टी लोकांच्या दारात ती अजून उभी असते. पंधरा वर्षे उलटल्यावर दर पाच वर्षांनी गाडीची नव्याने नोंदणी करावी लागते. ती मी परीक्षेला बसल्यासारखी करतो आणि पास होऊन आल्यावर पेढे वाटतो. 'विकून टाका' असे म्हणणाऱ्यांना माझे एक ठरलेले उत्तर असे, "इंजिन ऐका. काही खोट आहे का सांगा."

इंजिनात खोट नव्हतीच. ती कुठे होती हे कळायला मला यंदाच्या मे महिन्यात कोल्हापूरला जावे लागले.

आईचे माहेर रत्नागिरी जिल्ह्यात, पालीच्या अलीकडे रस्ता सोडून आत. तिथे माझे मामा एकटेच राहत. त्यांचे वय एक्याऐंशी. पावसाळ्यापूर्वी मुलगी त्यांना मुंबईला घेऊन जाणार आणि घराला कुलूप लागणार, असे ठरल्याचा फोन आला. आईने फोन खाली ठेवला आणि पुष्कळ वेळाने ती म्हणाली, "घर उघडं आहे तोवर एकदा जाऊन येऊ या. आणि यांच्या गाडीनंच जाऊ." आईला पंचाहत्तरावे चालू आहे. तिच्या पाठीच्या मणक्यांनी गेली काही वर्षे तक्रार मांडलेली आहे. पण 'यांच्या गाडीनंच' म्हटल्यावर मी दुसरा विचार केला नाही. वाटेत अंबाबाईचे दर्शन घ्यायचे, कोल्हापुरात मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी आंबा घाट उतरून माहेरी, असा बेत ठरला.

आमच्या गाडीतली आसनव्यवस्था ठरलेली आहे. मी चालवायला, चिरंजीव माझ्या शेजारी, आणि सासूसुना मागे. सौ.ला गाडी लागते. लग्न झाल्यापासून हे घरात सर्वमान्य असून निघण्यापूर्वी गोळी, वाटेत लिंबू आणि पिशवीत पिशव्या, हा तिचा प्रवासाचा सरंजाम असतो. आईचा सरंजाम म्हणजे एक चौघडी केलेली गोधडी आणि पाठीशी उशी. एक वयाने थकलेली, दुसरीची प्रकृती नाजूक. असे मी धरून चाललो होतो, आणि गंमत म्हणजे त्यांनीही तसेच धरले होते.

पहाटे पाचला पुणे सोडले. खंबाटकीचा घाट पद्मिनी कुरकुर न करता चढली. साताऱ्याला चहा झाला. पुढे रस्तारुंदीकरणाच्या कामामुळे ठिकठिकाणी गाड्या बाजूच्या कच्च्या रस्त्यावर उतरवलेल्या होत्या. कऱ्हाडच्या आसपास मागून कुठून तरी 'खट्' असा आवाज येऊ लागला. खड्डा आला की 'खट्'. हा आवाज मला नवा नव्हता. पुण्यात आमच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये मी त्याविषयी विचारलेही होते. "जुनी गाडी आहे सर, थोडं वाजणारच," असे उत्तर मिळाले आणि मला ते पटले होते. मी आरशातून मागे पाहिले. सौ.चे डोळे मिटलेले होते. आई खिडकीबाहेर पाहत नव्हती. समोरच्या सीटच्या पाठीकडे एकटक पाहत होती. "बरं आहे ना, आई?" असे मी विचारले. "छान चाललीय गाडी," ती म्हणाली.

कोल्हापुरात उतरताना मात्र तिला दाराची चौकट धरून बराच वेळ उभे राहावे लागले. दर्शन झाले. ती गाभाऱ्यापुढे जरा जास्तच वेळ हात जोडून उभी राहिली, असे मला वाटले. रात्री लॉजवर चिरंजीव झोपल्यावर तिने मला जवळ बोलावले.

"मला उद्या इथूनच पुण्याच्या बसमध्ये बसवून दे. तुम्ही तिघं जाऊन या. घाट मला झेपायचा नाही. दादाला सांग, बहिणीचं वय झालं म्हणावं."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. दीडशे कोस तोडून आलेले माणूस उंबऱ्यावरून परत जावे, तसे ते होते. 'उद्या बघू' एवढेच मी म्हणालो. रात्रभर मला दुसऱ्या गाडीचे, रेल्वेचे, भाड्याच्या वाहनाचे विचार सुचत राहिले. आपल्याच गाडीत काही असेल हा विचार मात्र एकदाही मनाला शिवला नाही.

सकाळी गाडी पुसताना चिरंजीवांना मागच्या चाकाच्या आत तेलाचे ओघळ दिसले. लॉजच्या व्यवस्थापकांनी वाकून पाहिले आणि म्हणाले, "उद्यमनगरात न्या की सर. तितं न्हाई झालं तर कुठंच न्हाई."

शिवाजी उद्यमनगर पाहिल्याशिवाय कोल्हापूर पाहिले असे म्हणू नये, असे माझे आता मत झाले आहे. रंकाळा, पन्हाळा, तांबडा-पांढरा रस्सा हे सगळे ठीकच. पण शहराच्या ऐन वस्तीत गल्ल्यामागून गल्ल्या नुसत्या कारखान्यांच्या आहेत. एका दुकानात लेथ फिरते आहे, पलीकडे ओतकामासाठी लाकडाचे नमुने घासणे चालले आहे, त्याच्या शेजारी वेल्डिंगचा निळा प्रकाश, आणि मधोमध चहाची टपरी. मोठे ओतकामाचे कारखाने पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींत गेले. पण 'एकच नग पाहिजे' असे म्हणणाऱ्याला दारात उभे करणारे कारागीर इथे गल्लोगल्ली आहेत. साखर कारखान्याच्या यंत्राचा मोडलेला भाग, शेतावरच्या इंजिनाचा भाग, पिठाच्या गिरणीचा आस, हे सारे हातगाडीवरून वा स्कूटरच्या पुढ्यात बसून इथे येते आणि दुरुस्त होऊन जाते.

या गावाचा हा स्वभाव जुना आहे. चित्रपट काढायचे मनात आले तेव्हा बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेऱ्याची वाट पाहत न बसता कोल्हापुरातच कॅमेरा तयार केला, आणि १९२० साली 'सैरंध्री' हा चित्रपट पडद्यावर आणला. जी वस्तू मिळत नाही ती बनवायची, हा इथला रोजचा व्यवहार. आमची पद्मिनी त्या गल्लीत शिरली तेव्हा तिच्याकडे कोणी कौतुकाने पाहिले नाही, की कीवही केली नाही. एक काम आले, एवढेच.

मिस्त्री साठी ओलांडलेले, अंगाने बारीक, सदरा मूळ कोणत्या रंगाचा होता हे सांगता येणार नाही असे. मी त्यांना इंजिनाची कुळकथा सांगायला सुरुवात केली. त्यांनी ती ऐकलीच नाही. गाडीच्या मागे जाऊन दोन्ही तळहात डिकीच्या कोपऱ्यावर ठेवले, सारा भार देऊन गाडी खाली दाबली आणि एकदम सोडली. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. मिस्त्री मोजत होते, "एक... दोन... तीन... चार. बगा, पाळण्यागत झुलतीया. चांगली गाडी एकदा वर येती अन् गप बसती. तुमचं शॉकअप मेल्यात सर. दोन्ही बी."

'शॉकअ‍ॅब्सॉर्बर' या अवघड शब्दाचे आपल्या कारागिरांनी 'शॉकअप' असे सुटसुटीत रूप केले आहे. पुस्तकी मराठीत त्याला 'धक्काशोषक' म्हणतात. मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे मला राहवले नाही. मी तो शब्द मिस्त्रींना सांगितला. त्यांनी तो दोनदा उच्चारून पाहिला आणि मान हलवली.

"शब्द चुकीचा हाय सर. धक्का ह्यो न्हाई खात. धक्का पाटा खातो. पाट्याला एकदा हाणलं की त्यो हलतच ऱ्हातो. ह्यो त्याला 'बास' म्हंतो."

पुढे मी विचारत गेलो आणि ते काम करता करता सांगत गेले. पद्मिनीच्या मागच्या आसावर दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्यांचे पाटे असतात. गाडीचे आणि माणसांचे ओझे ते पेलतात. खड्डा आला की तेच वाकतात. पण वाकलेला पाटा सरळ होताना नेमका जागेवर थांबत नाही, झोपाळ्यासारखा पुढे-मागे जात राहतो. त्याच्या सोबतीला शॉकअप असतो. एका नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक छिद्रे. आस वर-खाली झाला की दट्ट्या सरकतो आणि तेलाला त्या छिद्रांतून मोठ्या कष्टाने जावे लागते. त्या कष्टात हालचालीचा जोर संपतो. त्याची उष्णता होते आणि ती हवेत जाते. तेल गळाले, आतल्या झडपा झिजल्या की हे काम थांबते. गाडी चालतच राहते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येते ते टायरवरून. चाक रस्त्यावर नीट टेकण्याऐवजी उड्या मारते आणि टायर सारखा न झिजता जागोजागी खोलगट झिजतो. मी गेल्याच वर्षी मागचे दोन टायर बदलले होते, आणि टायरवाल्यालाच दोष दिला होता.

"पण मला चालवताना तर काही जाणवत नाही," मी म्हणालो.

मिस्त्रींनी हात पुढे केला. "चावी द्या. तुम्ही मागं बसा."

आमच्या गाडीच्या मागच्या बाकावर मी शेवटचा केव्हा बसलो होतो, हे मला आठवेना. वडील चालवत तेव्हा मी पुढे, आणि पुढे मीच चालवू लागलो. आई बसते त्या डाव्या बाजूला मी बसलो. गोधडी तशीच होती. मिस्त्री गाडी गल्लीबाहेर घेऊन गेले आणि त्यांनी मुद्दाम एक खराब रस्ता धरला.

मराठीत धक्क्याला किती शब्द आहेत! धक्का, हादरा, गचका, आचका, हिसका, दणका. हे सारे समानार्थी शब्द आहेत असे मी वीस वर्षे वर्गात सांगत आलो. त्या पाच मिनिटांत मला प्रत्येकाचा अर्थ वेगळा असल्याचे कळले. दणका खालून येतो आणि माकडहाडापासून मानेपर्यंत जातो. गचका दणक्यानंतर येतो, गाडी खाली बसते तेव्हा. आणि नंतर जे उरते त्याला शब्द नाही. ते नुसते हेलकावणे, नावेतल्यासारखे, एक संपण्यापूर्वी दुसरे. तिसऱ्या गतिरोधकाला माझ्या पोटात ढवळून आले. सौ.ची लिंबे मला आठवली.

मी आधारासाठी दाराचा हातटेका धरला आणि हाताला काही तरी वेगळे लागले, म्हणून पाहिले. हातटेक्यावरचे रेक्झिन आतल्या बाजूने झिजून त्याखालचे कापड दिसत होते. झिजलेली जागा चार बोटांपुरती होती. माझी बोटे तिथे बसत नव्हती. ती आईच्या बोटांची जागा होती.

"गाडी थांबवा," मी म्हणालो.

मिस्त्रींनी थांबवली. ते मागे वळून म्हणाले, "चालवणाऱ्याला कळत न्हाई सर. तुम्ही दोन चाकांच्या मधी बसतासा. मागचं माणूस आसाच्या डोक्याव बसतंय. तुम्हाला खट् आयकू येतंय; त्येंला बसतंय."

दुपारी गाडी खड्ड्यावर घेतली. उद्यमनगरात गॅरेजच्या जमिनीत माणूस उभा राहील एवढा खड्डा असतो. गाडी वर, मिस्त्री खाली. मागचा भाग लोखंडी घोड्यांवर चढवला आणि आसाला खालून जॅकचा आधार दिला. शॉकअप सुटल्यावर आस एकदम लोंबकळू नये म्हणून. नट इतक्या वर्षांचे गंजलेले. डिझेल सोडून तासभर भिजवले. तीन सुटले, चौथ्याने दाद दिली नाही, तो कापावा लागला.

निघालेले शॉकअप त्यांनी माझ्या हातात दिले. डाव्याचा दांडा एका बोटाने आत गेला, सायकलचा फुटका पंप जावा तसा. उजवा अर्ध्यावर अडकला. त्यांच्या टोकांची रबरे दगडासारखी कडक होऊन चिरली होती. 'खट्' असा जो आवाज येत होता तो या मेलेल्या रबरांमुळे, लोखंडावर लोखंड आपटून. आणि सर्वांत वाईट म्हणजे डाव्या बाजूला शॉकअपचे वरचे टोक जिथे गाडीच्या अंगाला जोडलेले असते, त्या बैठकीला तडा गेला होता. तिचे गोल भोक लांबट झाले होते. "असंच घाटातनं नेलं असतंसा तर सुटून हातात आलं असतं," मिस्त्री म्हणाले. नवे शॉकअप घालून नुसते भागणार नव्हते. ज्या जागेवर ते उभे राहायचे ती जागाच आधी भक्कम करायला हवी होती.

मग आमची वरात उद्यमनगरात फिरली. शॉकअप मुंबईहून रात्रीच्या बसने पार्सल करून मागवायचे ठरले. एका गल्लीत रबराचे बुश जुन्या मापाचे मिळाले, पण त्यांच्या आतली पोलादी नळी हवी तशी नव्हती. ती पलीकडच्या लेथवर एका तरुणाने मापी घालून करून दिली. चिरंजीव त्या फिरत्या लोखंडातून निघणारे कुरळे तुकडे गोळा करत राहिले. वेल्डिंगवाले आले, त्यांनी आधी पेट्रोलची टाकी रिकामी करून बाजूला काढायला लावली, बॅटरीच्या तारा सोडवल्या, आणि मगच फुटलेल्या बैठकीवर नवी पट्टी जोडून तिला गोल भोक पाडले. या चार ठिकाणांतले अंतर दोनशे पावले नसेल. कोणी कोणाला चिठ्ठी दिली नाही. "मिस्त्रींचं हाय," एवढे सांगितले की काम हाती घेतले जाई.

"सर, काय शिकवतासा?" चहा पिताना मिस्त्रींनी विचारले.

"मराठी."

"मराठी बी शिकवाय लागती व्हय?" त्यांनी मनापासून नवलाने विचारले. या प्रश्नाला माझ्यापाशी अजून चांगले उत्तर नाही.

संध्याकाळी मी लॉजवर जाऊन आईला म्हणालो, "एक दिवस थांब. परवा सकाळी ठरव." तिने का म्हणून विचारले नाही. आम्ही रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून भेळ खाल्ली. मी तिच्या उजव्या हाताच्या बोटांकडे पाहत होतो, आणि तिने तो हात पदराखाली घेतला.

दुसऱ्या दिवशी पार्सल आले. मिस्त्रींनी नवा शॉकअप उभा धरून पाच-सहा वेळा दाबून-ओढून घेतला. आडवा पडून आलेल्या नळीत हवा शिरते, ती अशी काढावी लागते. मी ओढून पाहिला. दोन्ही हातांनी ओढावे लागले, आणि तो घाई न करता सावकाश आला. एकच बदलला तर चालेल का, असे मी विचारले नाही, पण त्यांनी आपण होऊन सांगितले, "जोडीनंच बदलायचं. एक नवा अन् एक जुना असला की गाडी लंगडती." दोन्ही बसवले, पण नट शेवटपर्यंत आवळले नाहीत. टाकी, बॅटरी जागेवर गेली, घोड्या निघाल्या, गाडी आपल्या चार चाकांवर उभी राहिली.

"आता आईंना आणा," मिस्त्री म्हणाले.

मला समजले नाही. तेव्हा त्यांनी समजावून सांगितले. गाडी अधांतरी असताना नट आवळले तर रबर त्या स्थितीत पकडले जाते. मग गाडी खाली टेकली की ते कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. म्हणून गाडीवर नेहमीचे ओझे असताना शेवटचा पाना मारायचा. "मागं कोण बसतंय नेहमी? त्येंनीच बसाय पायजे."

सासूसुना रिक्षाने आल्या. आई आपल्या जागी बसली, सौ. तिच्या शेजारी. गोधडी घ्यायला आई वाकली तर मिस्त्री म्हणाले, "ती ऱ्हाऊ द्या, आई." ते खड्ड्यात उतरले. खालून पान्याचा आवाज येत होता आणि वर माझी आई, देवळातल्यासारखी हात मांडीवर ठेवून, अजिबात न हलता बसली होती. काम झाल्यावर मिस्त्रींनी डिकीचा कोपरा दाबून सोडला. गाडी वर आली आणि गप्प झाली. त्यांनी मोजले, "एक." पुढे मोजायला काही नव्हते.

मजुरी त्यांनी सांगितली ती मला कमी वाटली. जास्त देऊ केले तर त्यांनी घेतले नाही. जुने शॉकअप चिरंजीवांनी मागून घेतले.

"मग, पुण्याची बस?" तिसऱ्या दिवशी सकाळी मी आईला विचारले. तिने गाडीकडे पाहिले. "मलकापूरपर्यंत जाऊन तर बघू," ती म्हणाली.

पन्हाळ्याचा फाटा मागे पडला, बांबवडे गेले, मलकापूर आले. मी थांबलो नाही आणि कोणी थांबायला सांगितले नाही. रस्ता इथेही उकरलेला होताच. खड्डे होते, आणि ते कळतही होते. शॉकअप नवे केले म्हणून रस्ता नवा होत नाही. पण प्रत्येक खड्डा आपल्यापुरता येई आणि संपे. पुढच्याला जाऊन मिळत नसे. आंब्याच्या पुढे घाट सुरू झाला. मेमधले जंगल, खालून गरम वारा, वळणावर करवंदांचे द्रोण घेऊन बसलेली मुले. आणि मागून आवाज येऊ लागला. गाडीचा नव्हे, आईचा.

ती बोलत होती. नातवाला सांगत होती की याच घाटातून ती लग्न होऊन वर आली, एस.टी.च्या गाडीत, मांडीवर हळदीकुंकवाच्या करंड्याचे पेटारे घेऊन. साखरप्याला गाडी थांबली तेव्हा तिच्या वडिलांनी खिडकीतून नारळ आत दिला आणि ते मागे वळून न पाहता निघून गेले. ही गोष्ट मी पंचेचाळीस वर्षांत ऐकलेली नव्हती. आजवरच्या प्रत्येक प्रवासात आई मागे गप्प बसे, आणि आम्ही म्हणत असू, आईचा स्वभावच अबोल आहे. जिचे दात आवळलेले आहेत तिने बोलावे कसे?

साखरपा, नाणीज गेले. मुख्य रस्ता सोडून जांभ्या दगडाच्या तांबड्या वाटेला गाडी लागली तेव्हा मी अगदी सावकाश घेतली. मामा पडवीत उभे होते. आई दार उघडून आपण होऊन उतरली. तिने एक हात कमरेवर ठेवला हे खरे; मणक्यांचे दुखणे काही शॉकअप बदलून जात नाही. पण उंबऱ्यापर्यंत ती कोणाचा हात न धरता चालत गेली. भावा-बहिणीने एकमेकांना काही विचारले नाही. "आलीस?" मामा म्हणाले. "आले," ती म्हणाली. पुढचे चार दिवस ती त्या घराच्या माजघरातून आगरात आणि आगरातून विहिरीवर अशी फिरत होती, आणि प्रत्येक भिंतीला हात लावून पाहत होती.

निघायच्या आदल्या रात्री ओटीवर बसलो असताना मी तिला विचारले, "इतकी वर्षं गाडीत त्रास होत होता, बोलली का नाहीस?"

"अरे, ह्यांनी घेतली तेव्हा गाडी अशीच होती, आत्ता आहे तशी," ती म्हणाली. "मग हळूहळू लागायला लागलं. मला वाटलं, गाडी तीच आहे, आपणच म्हातारे झालो."

मलाही तसेच वाटले होते. गाडीचे दुखणे आम्ही दोघांनी मिळून तिच्या वयाच्या खात्यावर मांडले होते, आणि सौ.चे तिच्या प्रकृतीच्या. घरातल्या किती दुखण्यांवर आपण असे चुकीचे नाव लिहून ठेवलेले असते, ते मला त्या ओटीवर बसून आठवत राहिले. आईला हल्ली ऐकू येत नाही असे आम्ही म्हणतो. आम्ही तिच्याशी पाठमोरे बोलतो का, हे मी अजून तपासलेले नाही.

परत येताना मामांनी दारातून नारळ आत दिला. आईने तो मांडीवर घेतला. घाट चढायला गाडी सौ.ने घेतली, स्टिअरिंगच्या बाजूचा तो गिअरचा दांडा तिला जमायचा नाही असे मी पंधरा वर्षे समजत होतो, तेही खोटे ठरले. पुढे बसल्यावर तिला गाडी लागली नाही. मी मागे आईशेजारी बसलो. मध्येच एक मोठा खड्डा आला. आईचा हात सवयीने हातटेक्याकडे गेला, अर्ध्यावर थांबला, आणि पुन्हा नारळावर येऊन टेकला.

ते झिजलेले रेक्झिन बदलून घ्यावे, असे सौ. सुचवते. बदलू सावकाश. या दिवाळीत आपण कोठे गाडीने निघणार असाल तर निघण्यापूर्वी मागच्या बाकावर एकदा बसून पाहा. गल्लीच्या टोकापर्यंत गेलात तरी पुरे.